एका नजरेत दोन नक्षत्रं

आपल्या पंचांगाने चंद्राच्या वाटेचे सत्तावीस भाग केले आणि प्रत्येक भागाला एक नक्षत्र नेमून दिलं. 360 अंशांना 27ने भागलं की 13 अंश 20 कला येतात. चंद्रही एका दिवसात साधारण तेवढाच पुढे सरकतो, म्हणून आज कृत्तिकांपाशी असलेला चंद्र उद्या रोहिणीपाशी जातो. आकाश मोजण्याचं हे माप आपल्या घरातल्या भिंतीवर, कॅलेंडरात, कायम टांगलेलं असतं. कळमनुरी तालुक्यातल्या आकाशदर्शनासाठी लिहिलेल्या या पुस्तिकेत मी तेच माप वापरलं आहे, कारण जिच्याविषयी ही पुस्तिका आहे ती कमी शक्तीची, रुंद नजरेची दुर्बीण नेमकी त्याच मापाची आहे.

बाजारात सहज मिळणाऱ्या 10 बाय 50 बायनॉक्युलरमधून एका वेळी साडेसहा अंशांच्या आसपास आकाश दिसतं, म्हणजे अर्धं नक्षत्र. टेलिस्कोपमध्ये एक अंश दिसला तरी पुष्कळ. दोन ते सव्वादोन पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मात्र पंचवीस अंशांच्या जवळपासचा तुकडा दिसतो आणि त्यात दोन नक्षत्रं शेजारीशेजारी मावतात. आज चंद्र आहे ती जागा आणि उद्या असेल ती जागा, दोन्ही एकाच वेळी समोर असतात.

कोणतीही दुर्बीण हातात घेतली की पहिला प्रश्न येतो, ‘किती पट?’ आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण भारी, असा समज घट्ट बसलेला आहे. शनीची कडी किंवा चंद्रावरची विवरं बघायची तर तो बरोबरही आहे. पण नुकतंच आकाश ओळखू लागलेल्या माणसाला जास्त पटीची दुर्बीण दिली, की त्याला फटीतून जत्रा पाहिल्यासारखं होतं: समोर काहीतरी झगमगतं, पण आपण कुठे आहोत ते कळत नाही. नववीतल्या मुलीने मृगाचा पट्टा शोधला, दुर्बीण डोळ्याला लावली आणि पट्टाच हरवला, असं पुन्हा पुन्हा घडतं. मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. मग दुर्बीण कपाटात जाते. दोन पटीच्या दुर्बिणीत हरवायला जागाच नाही. साध्या डोळ्यांनी जे चित्र दिसत होतं तेच चित्र समोर राहतं, फक्त त्यातल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागा ताऱ्यांनी भरून येतात.

असं का होतं, हे समजून घेण्यात फार गोडी आहे. पुरेसा अंधार मिळाला की तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते. 2.1 पटीच्या दुर्बिणीतून पाहताना ती बाहुली जणू तितक्याच पटीने रुंद होते. पंधरा मिलिमीटरच्या डोळ्याने पाहिल्यासारखं होतं. क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून ताऱ्याचा प्रकाश साडेचार पटींच्या घरात वाढतो. खगोलशास्त्रात ताऱ्यांचं तेज ‘प्रती’त मोजतात, आकडा जितका मोठा तितका तारा मंद; त्या हिशेबात ही सुमारे दीड प्रत झाली. सहाव्या प्रतीपर्यंत पाहणारी नजर साडेसातव्या प्रतीपर्यंत पोचते. दीड हा आकडा छोटा दिसतो, पण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे सबंध आकाशात पाच हजारांच्या आसपास आहेत आणि साडेसातव्या प्रतीपर्यंतचे पंचवीस हजारांच्या घरात. एवढे सगळे तारे हाताच्या पंजात मावणाऱ्या दोन भिंगजोड्यांतून येतात.

या दुर्बिणीची रचना चारशे वर्षं जुनी आहे. समोर बहिर्गोल भिंग, डोळ्यापाशी अंतर्गोल भिंग, मधे लोलक नाही, प्रतिमा सरळ. 1609 साली गॅलिलिओने आकाशाकडे वळवलेली दुर्बीण याच जातीची होती. त्याने पटी वाढवत वीसपर्यंत नेल्या आणि नजर इतकी अरुंद झाली की पूर्ण चंद्रही एकदम दिसेना. पटी दोनवर आणल्या आणि समोरचं भिंग मोठं ठेवलं की तीच रचना अवाढव्य रुंद नजर देते. जपानच्या विक्सेन कंपनीची 2.1 बाय 42 आणि कासाई कंपनीची 2.3 बाय 40 ही या प्रकारातली ओळखीची नावं. कॅमेऱ्याला पुढून लावायची जुनी निकॉनची दुप्पट करणारी भिंगं जोडीने बसवून अशी दुर्बीण घरी बनवणारे हौशी लोकही जगभर आहेत. इथे 42 मिलिमीटरचं भिंग प्रकाशासाठी नाही, ते नजरेच्या रुंदीसाठी आहे. प्रकाशाची मर्यादा आपली बाहुलीच ठरवते.

आता कळमनुरीच्या लोकांनी नीट ऐकावं असा मुद्दा. दुर्बिणीने ताऱ्याचा ठिपका उजळतो, पण पसरलेल्या गोष्टीचा, म्हणजे आकाशगंगेच्या पट्ट्याचा, तेजोमेघाचा किंवा खुद्द आकाशाच्या पार्श्वभूमीचा उजळपणा ती साध्या डोळ्यापेक्षा वाढवू शकत नाही. शहरातल्या गच्चीवर आकाशच राखाडी असतं. 10 बाय 50 बायनॉक्युलरमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत पाच मिलिमीटरचा असतो, त्यामुळे सात मिलिमीटर उघडलेल्या डोळ्याला ती पार्श्वभूमी निम्म्याने काळी दिसते आणि शहरात त्या बायनॉक्युलरचा उपयोग होतो. दोन पटीची दुर्बीण पार्श्वभूमी मुळीच काळी करत नाही. जसं आकाश असेल तसंच ती दाखवते. मुंबईच्या किंवा पुण्याच्या मधोमध तिचा फायदा कमी जाणवतो. जिथे अंधार आधीच आहे तिथेच तिचं मोल आहे, आणि अंधार पैशाने विकत मिळत नाही. महागड्या दुर्बिणी असलेले शहरातले हौशी लोक रात्रभर गाडी चालवून ज्याच्यासाठी खेड्यांकडे जातात, ते आपल्या शिवारात रोज संध्याकाळी फुकट उतरतं.

कळमनुरी सुमारे 19.7 उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जवळजवळ वीस अंशांवर दिसतो. गावातले दिवे मागे टाकून चार-पाच किलोमीटर शिवारात गेलं की चारी दिशांचा हिशेब मांडता येतो. पश्चिमेला हिंगोलीचा उजेड. सरळ दक्षिणेला नांदेड, 2011च्या जनगणनेत साडेपाच लाख वस्तीचं शहर, हवाई अंतराने साठ किलोमीटरच्या आत; त्याची फिकट झळाळी दक्षिण क्षितिजावर बसलेली असते. तालुक्याच्या दुसऱ्या कडेला पैनगंगा आणि इसापूर धरणाचं पसरलेलं पाणी, आणि पाण्यावर दिवे नसतात. धरणाच्या अंगाची आणि कयाधूकाठची, मोठ्या रस्त्यापासून आत असलेली गावं या कामाला उत्तम. डोक्यावरचं आकाश तिथे अजून शाबूत आहे.

आणि हे आकाश पाहणारी माणसंही इथे आधीपासून आहेत. रब्बीत थ्री फेजची लाईट रात्री आली की गव्हाला आणि हरभऱ्याला दारं धरायला माणूस आखाड्यावर जातो. त्याला मृग कधी माथ्यावर येतो आणि पहाटेला काय उगवतं हे ठाऊक असतं. सप्तर्षींच्या चौकोनात म्हातारीची बाज आणि मागच्या तीन ताऱ्यांत ती पळवणारे चोर पाहण्याची गोष्ट आपल्याकडे घराघरांत आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकरे यांनी विदर्भातल्या गोंड, कोलाम आणि बंजारा समाजांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास 2013 आणि 2014 साली प्रसिद्ध केला, त्यातही ही बाज भेटते. आपल्या तांड्यांवर आणि आखाड्यांवर जे वडीलधारे आहेत त्यांच्याकडून हे सगळं विचारून लिहून ठेवायला हवं, आणि लवकर. मी सुरुवात केली आहे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी हातभार लावावा.

शेतकऱ्याला सगळ्यात जवळची नक्षत्रं पावसाची: मिरग, तरणा, म्हातारा, हत्ती. पण गंमत अशी की, पावसाच्या दिवसांत ती आकाशात दिसतच नाहीत. मिरग लागला याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला; म्हणजे मृगाचे तारे दिवसा, उन्हात, सूर्याच्या पाठीमागे. ज्या नक्षत्रावर पेरणीची सगळी भिस्त, ते प्रत्यक्ष पाहायचं तर पौष-माघाची रात्र हवी, पीक उभं असताना, थंडीत. हस्त दिसतो चैत्र-वैशाखात, पावसाच्या हत्तीपासून अर्धं वर्ष दूर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश ढगांचं असतं, आणि त्या चार महिन्यांत ज्यांची नावं तोंडी असतात त्या ताऱ्यांना पुढचे आठ महिने भेटायचं, असा हा आपला वर्षाचा क्रम आहे. या पुस्तिकेची प्रकरणं म्हणूनच पावसाच्या नक्षत्रांच्या नावांनी लावली आहेत आणि प्रत्येकापुढे ते रात्री केव्हा दिसतं ते दिलं आहे.

दोन पटीची दुर्बीण काय दाखवते हे कृत्तिकांपासून पाहावं. कृत्तिका ते रोहिणीचा तांबडा तारा हे अंतर पावणेचौदा अंश, म्हणजे जवळजवळ नेमकं एक नक्षत्र. दोन्ही एकाच नजरेत येतात. एका बाजूला कृत्तिकांचा घोस, ज्यात साध्या डोळ्याला सहा दिसत असतील तर आता कितीतरी जास्त सुटे होतात. दुसऱ्या बाजूला रोहिणीभोवतीचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा गुच्छ, साडेपाच अंश पसरलेला. तो इतका पसरट आहे की टेलिस्कोपमध्ये त्याचा गुच्छपणाच नाहीसा होतो. हा गुच्छ आपल्यापासून दीडशे प्रकाशवर्षांवर आहे आणि कृत्तिका त्याच्या जवळजवळ तिप्पट लांब. रोहिणीचा तांबडा तारा स्वतः फक्त पासष्ट प्रकाशवर्षांवर असल्यामुळे त्या गुच्छाचा घटकच नाही, वाटेत मधे उभा आहे. जवळचं, मधलं आणि दूरचं असं तिन्ही एका चौकटीत पाहताना आकाश सपाट छत वाटेनासं होतं. हा अनुभव मला कोणत्याही मोठ्या दुर्बिणीने दिला नाही.

तिथून थोडं खाली मृग. काक्षीपासून राजन्यापर्यंत साडेअठरा अंश, तेव्हा पूर्ण मृग एका नजरेत बसतो. पट्ट्याच्या तीन ताऱ्यांभोवती नागमोडी रांगांनी बारीक तारे उगवतात आणि खालच्या तलवारीत तेजोमेघाचा धुरकट ठिपका दिसतो. इथे कुणी 7 बाय 50 दुर्बीण आणली असेल तर ती आता काढावी, कारण तेजोमेघाचं पंख पसरलेलं रूप तिच्यात खुलतं. मोठ्या पटीच्या दुर्बिणीशी माझं वैर नाही. आधी अख्खं नक्षत्र डोळ्यांत बसू द्यावं, मग जवळ जावं, एवढंच म्हणणं आहे.

पुष्य नक्षत्र तर या दुर्बिणीसाठीच केलेलं आहे. साध्या डोळ्यांना तिथे मंद ताऱ्यांच्या मधोमध एक पुसट डाग दिसतो. आकाश काळं असेल तर दिसतो, नसेल तर नाही, म्हणून काळोखाची परीक्षा मी पुष्याने घेतो. दुर्बीण लावली की तो डाग दाणेदार होतो आणि ताऱ्यांचा गुच्छ आहे हे कळतं. अरुंधती केश हा सप्तर्षी आणि सिंह यांच्यामधला विरळ गुच्छही असाच, पाचएक अंश पसरलेला, आणि जास्त पटीत विखरून जाणारा.

एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्रीनंतर वृश्चिक वर येतो, आणि खरं सांगायचं तर वर्षभरातलं सगळ्यात श्रीमंत दृश्य हेच. ज्येष्ठेपासून मूळ नक्षत्राच्या नांगीपर्यंत सतरा अंश. नांगीच्या पाठीमागे दोन गुच्छ, त्यांतला मोठा टॉलेमीने दुसऱ्या शतकात नोंदलेला. नांगीच्या पुढे, मूळ आणि पूर्वाषाढा यांच्यामधे, आपल्या आकाशगंगेचं केंद्र, सव्वीस हजार प्रकाशवर्षांवर. प्रकाशात ते दिसत नाही, कारण मधे धुळीचे काळे पट्टे आडवे येतात. पण ते पट्टेच या दुर्बिणीत फार सुंदर दिसतात. उजळ पात्रात शिरलेल्या काळ्या फांद्या, त्यांच्या कडा, त्यांच्यामधली बेटं. युरोपात वृश्चिक क्षितिजाला टेकलेला असतो. कळमनुरीहून मूळचे तारेही तेहतीस अंशांपर्यंत वर चढतात. आपला तालुका 1948पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथल्या 1901 साली स्थापन झालेल्या निजामिया वेधशाळेने आंतरराष्ट्रीय तारकासूचीच्या कामात दक्षिणेचा 17 ते 23 अंशांचा पट्टा छायाचित्रांच्या काचांवर टिपला होता. अनुराधेचे वरचे तारे त्याच पट्ट्यातले. वृश्चिकाचं डोकं पाहताना हे आठवलं की मला या आकाशाशी आणखी एक नातं जुळल्यासारखं वाटतं.

दक्षिणेकडे मात्र नांदेडचा उजेड आडवा येतो. नरतुरंगातला ओमेगा गुच्छ मेच्या रात्री तेवीस अंशांजवळ येतो, तो सहज सापडतो. लंडनहून तो कधीच उगवत नाही. त्रिशंकू सात ते तेरा अंशांच्या पट्टीत, त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक. ही सगळी मंडळी एका नजरेत मावतात, पण क्षितिजालगतची धूळ आणि शहराची झळाळी यांतून. वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतरची स्वच्छ रात्र साधली तरच त्यांची मजा आहे.

उजेडाचा हा प्रश्न वाढतो आहे. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त असतो आणि हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, त्यामुळे तेवढ्याच दिव्याने आकाश अधिक उजळतं. चौकाचौकांत हायमास्ट उभे राहत आहेत आणि त्यांचा बराच उजेड जमिनीवर पडण्याऐवजी आडवा आणि वर जातो. गावात दिवा असावा, बायाबापड्यांना आणि पोरांना वाट दिसावी, साप-विंचू दिसावा, याबद्दल दुमत नाही. दिव्यावर टोपी असावी आणि तोंड खाली असावं, इतकीच मागणी आहे. महाराष्ट्रात हे करून दाखवलेलं आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ही मान्यता मिळाली, तेव्हा वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले गेले होते. आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपयांना मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपायला अंधार लागत नाही. पण त्या लहरी कुठून येतात असं जिल्ह्यातली पोरं विचारतील तेव्हा वर बोट दाखवता यावं, एवढा काळोख शिल्लक ठेवणं आपल्याच ग्रामपंचायतींच्या आणि नगर परिषदेच्या हातात आहे.

पाहण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलच्या एका झळकीने तो वाया जातो; नकाशा वाचायला लाल कागद लावलेली बॅटरी पुरते. या दुर्बिणीत डोळा भिंगाच्या जितका जवळ तितकी नजर रुंद, म्हणून चष्मा काढून दोन्ही बाजू वेगवेगळ्या फिरवून जुळवून घ्याव्यात. ज्यांना सिलिंडरचा नंबर मोठा आहे त्यांनी चष्मा ठेवावा आणि थोडी रुंदी सोडावी. साठीच्या पुढे बाहुली पाचच मिलिमीटर उघडते, पण पटीचा फायदा त्याच प्रमाणात मिळत राहतो, म्हणून आजोबांनी मागे राहू नये. उभ्याने मान दुखते, बाजेवर उताणं पडावं. थंडीत दव पडून भिंगं ओली होतात, रुमाल जवळ असावा. सूर्याकडे ही दुर्बीणसुद्धा चुकूनही वळवू नये. आणि शिवारात रात्री जाताना दोघं-तिघं मिळून जावं.

ही दुर्बीण नसली तरी पुस्तिका निकामी होत नाही. सात किंवा आठ पटीचं साधं बायनॉक्युलर चालेल. मग एका नजरेऐवजी दोन-तीन नजरांत नक्षत्र पुरं करायचं. काहीच नसेल तर डोळे आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकात ‘ज्योतिर्विलास’ लिहून मराठी वाचकाला साध्या डोळ्यांनी आकाश पाहायला शिकवलं, आणि पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून तेच काम करत आहे. ही पुस्तिका त्याच रस्त्यावरची आहे.

पहिलं प्रकरण मार्गशीर्ष अमावास्येच्या आठवड्यापासून सुरू होतं, रात्री नऊच्या सुमाराला, तोंड पूर्वेकडे करून: आधी कृत्तिका, मग रोहिणी, मग मृग. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नोंदीसाठी मोकळं पान ठेवलं आहे. तारीख, वेळ, गावाचं नाव, कोणत्या बाजूला उजेड होता, आणि हिवाळ्यात व उन्हाळ्यात पुष्याचा डाग साध्या डोळ्यांनी दिसला की नाही, एवढं लिहावं. न दिसला तर तेही लिहावं. कोणत्या गावचं आकाश किती उजळत चाललं आहे हे पुढे याच पानांवरून कळणार आहे.